आज्यांचा बाजार

घरात शेंगा फोडत, नातवंडं सांभाळत रेडिओ ऐकणाऱ्या आज्यांनो, आजचं बोलणं तुमच्याविषयीच आहे.

आमच्या तालुक्यातल्या वेगवेगळ्या गटांच्या आम्ही पाच जणी एका अभ्यासदौऱ्याबरोबर जपानला जाऊन आलो. दौरा शेतमाल वाळवायचा कसा, बांधायचा कसा, विकायचा कसा, हे बघण्याचा होता. त्याविषयी पुढे एकदा सविस्तर बोलू. आज सांगायचं आहे ते टोकियो शहरातल्या एका वस्तीविषयी. वस्तीचं नाव सुगामो. दौऱ्यातला एक दिवस आमचा मोकळा होता. टोकियोत नोकरीनिमित्त राहणारी एक मराठी मुलगी आमच्या सोबतीला आणि दुभाषी म्हणून आली होती. शहराच्या पूर्वेला निशी-कासाई म्हणून भाग आहे, तिथं बरीच भारतीय कुटुंबं राहतात, त्यांतलीच ती एक. तिनं विचारलं, "काय बघायचंय?" आमच्यातल्या सगळ्यांत वडील त्या आक्का. वय चौसष्ट, गुडघे दुखरे. त्या म्हणाल्या, "उंच इमारती खालून बघून मान दुखली. आता जिथं माझ्यासारख्या बायका जातात तिथं ने." मुलगी हसली आणि म्हणाली, "मग सुगामोलाच चला."

टोकियोत यामानोते नावाची लोकल आहे. हिरव्या पट्ट्याची ही गाडी शहराच्या मध्यभागाला गोल वेढा घालते. एकूण ३० स्टेशनं आणि पूर्ण फेरीला साधारण एक तास. सुगामो हे त्यातलंच एक स्टेशन. याच गाडीनं सुगामोच्या पुढं तीन स्टेशनं गेलं की मेजिरो येतं. त्या भागात जपानी महिला विद्यापीठ आहे, १९०१ साली सुरू झालेलं. त्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आपल्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या हाती पडली, त्यांनी ती वाचली आणि १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ काढलं. तेच आजचं एसएनडीटी. आमच्यातल्या एकीनं त्याच विद्यापीठातून बहिस्थ परीक्षा देऊन पदवी घेतली आहे. कुठली पुस्तिका, कुठला प्रवास आणि त्यावर किती जणींचं शिक्षण झालं! त्यामुळं परक्या मुलखात आलो आहोत असं त्या गाडीत आम्हाला फारसं वाटलंच नाही.

स्टेशनातून पाच मिनिटं चाललं की मोठी कमान लागते. तिथून बाजारपेठ सुरू होते. जिझो-दोरी म्हणजे जिझो देवाचा रस्ता. जपानीत अशा बाजारपेठेला शोतेनगाई म्हणतात. लांबी सुमारे ८०० मीटर, दुतर्फा मिळून सुमारे २०० दुकानं. सगळी छोटी छोटी, आपल्या पेठेतल्या दुकानांएवढी. टोकियोत हाराजुकु म्हणून तरुण पोरापोरींचा फॅशनचा बाजार फार प्रसिद्ध आहे. त्यावरून सुगामोला लोक गमतीनं "आज्यांचं हाराजुकु" म्हणतात. आणि खरंच, बघावं तिकडं आज्या! कुणी काठी घेऊन, कुणी चाकाची छोटी ढकलगाडी घेऊन, कुणी मैत्रिणीचा हात धरून. दोघी-तिघींचे घोळके उभ्या उभ्या गप्पा मारताहेत, खळखळून हसताहेत. मागून कुणी "अहो आजी, सरका" म्हणून हटकत नव्हतं.

हा रस्ता आजचा नाही. टोकियोचं जुनं नाव एदो. एदोहून क्योतोला डोंगरांतून जाणारा नाकासेंदो नावाचा राजमार्ग होता. वाटेत मुक्कामाची ६९ ठाणी होती. एदोहून निघालेला वाटसरू सुगामोला थोडा टेकायचा, पाणी प्यायचा, पुढं जायचा. कमानीजवळच्या शिन्शो-जी देवळात वाटसरूंचं रक्षण करणाऱ्या जिझोची मोठी बसलेली मूर्ती आहे. डोक्यावर प्रवाशाचं इरलं घातल्यासारखी टोपी. १७१४ साली ओतलेली. एदोतून बाहेर पडणाऱ्या सहा रस्त्यांवर अशा सहा मूर्ती बसवल्या होत्या, त्यांतली ही एक.

याच रस्त्याला पूर्वी बियाणांची दुकानंही होती, हे ऐकून आमचे कान टवकारले. आसपासच्या गावांत चांगली लांबडी गाजरं आणि मुळं पिकायची. गावी परतणारा वाटसरू शहरातून काय नेणार? बियाणं न्यायचा. वजनाला हलकं, वाटेत नासत नाही आणि घरी गेल्यावर शेतात उगवतं. याहून चांगली भेट कोणती? बियाणाची किंमत आपल्याला सांगायला नको. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याही घरात उतरंडीला, मडक्यात राख लावून बी ठेवणारी एक आजी असतेच. नसली तर आता आठवणीत तरी असते.

आता त्या बाजाराचं दैवत सांगतो. रस्त्याच्या मधोमध कोगान-जी नावाचं देऊळ आहे. देऊळ मूळचं १५९६ सालचं, दुसरीकडं होतं. १८९१ साली ते सुगामोला आलं. तिथल्या देवाला तोगेनुकी जिझो म्हणतात. तोगेनुकी म्हणजे काटा काढणारा. आपल्याकडं "काटा काढला" म्हटलं की वेगळाच अर्थ निघतो, पण इथं तसं नाही. अंगात रुतलेला, मनात सलणारा काटा हा देव अलगद काढतो अशी श्रद्धा आहे. त्याची कथा अशी सांगतात. एका मोठ्या सरदाराच्या वाड्यावर एक दासी शिवण करताना सुई तोंडात धरून होती. ती चुकून गिळली गेली. जीव कासावीस झाला. तेव्हा एका भिक्षूनं जिझोचं चित्र छापलेला छोटा कागद तिला पाण्याबरोबर प्यायला दिला. तिला उलटी झाली आणि कागदात टोचलेली सुई बाहेर आली. तसे छोटे कागद आजही देवळात मिळतात. मैत्रिणींनो, कथा कथेच्या जागी. सुई गिळली तर आपण दवाखाना गाठायचा! पण शिवणकाम करणारी एक दासी, तिची सुई आणि तिचा दुखरा गळा, यावरून देवाला नाव पडतं, ही गोष्ट आम्हाला फार जवळची वाटली.

जिझो म्हणजे आपल्या संस्कृतातला क्षितिगर्भ. बौद्ध धर्म भारतातून चीन, कोरिया करत जपानला गेला, त्याबरोबर ही दैवतंही गेली. मूळ जिझोची मूर्ती कुणाला दाखवत नाहीत. पण देवळाच्या अंगणात कान्नोनची दगडी मूर्ती आहे. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला पद्मपाणी आहे ना, तोच. जपानमध्ये मात्र त्याचं रूप पुष्कळदा बाईचं, आईचं झालं आहे. सुगामोची ही कान्नोन न्हाऊ घालायची असते. आपलं अंग जिथं दुखतं, तिथं मूर्तीच्या अंगावर पाणी घालायचं आणि पांढऱ्या कापडानं पुसायचं. पूर्वी लोक काथ्याच्या ब्रशनं घासत. घासून घासून जुनी मूर्ती इतकी झिजली की नाकडोळे ओळखू येईनात. मग १९९२ साली नवी मूर्ती बसवली आणि ब्रश बंद करून कापड आलं.

आम्ही रांगेत उभ्या राहिलो. रांग लांब, पण ढकलाढकली नाही. आमच्या पुढं ऐंशीच्या घरातली एक आजी होती. तिनं मूर्तीचे खांदे पुसले, कंबर पुसली, गुडघे पुसले आणि मग डोळे मिटून छातीवर कापड धरून उभी राहिली. आक्का हळूच म्हणाल्या, "हिचा काटा आत आहे." पुढं त्यांनी स्वतः मूर्तीचे गुडघे पुसले. आजीनं वळून बघितलं, स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला, मान हलवली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पण गुडघ्याचं दुखणं दोघींना कळत होतं.

दर महिन्याच्या ४, १४ आणि २४ तारखेला या देवाचा वार असतो. आम्ही नेमक्या मार्च महिन्याच्या २४ तारखेला गेलो होतो. त्या दिवशी दुकानांच्या पुढ्यात रस्त्यावर टपऱ्या लागतात आणि जत्रेसारखी गर्दी होते. काय काय होतं बघा. लोणची, वाळवलेले मासे, समुद्री शेवाळाच्या वड्या, चहाची पत्ती. तांदळाच्या पिठाच्या भाजलेल्या कुरकुरीत चकत्या, त्यांना सेनबेई म्हणतात. शिओ दाईफुकु नावाची मिठाई तर हातात घेतल्यावर आम्ही म्हटलं, अगं हा तर मोदकाचा चुलतभाऊ! चिकट तांदळाची मऊ पारी आणि आत बारीक लाल कडधान्याचं गोड पुरण. फक्त पारीत चिमूटभर मीठ, त्यामुळं गोडाला चव येते. आमच्यातल्या तिघी शाकाहारी. जपानमध्ये भाजीच्या रश्शातही माशाचं पाणी असतं, त्यामुळं आठवडाभर शेंगदाण्याची चटणी आणि घरून नेलेल्या दशम्यांवर त्यांचा दिवस निघत होता. ही मिठाई मात्र त्यांनी पोटभर खाल्ली. खाल्ली ती दुकानापाशीच उभं राहून, कारण चालता चालता खाणं तिथं बरं दिसत नाही. आणि कागद पिशवीत घालून परत आणला, कारण रस्त्यावर कचऱ्याचा डबा सहसा नसतोच. तरी रस्ता स्वच्छ.

मसाला करणाऱ्या गटांनी आता कान देऊन ऐका. एका टपरीवर सात जिनसांचा मसाला मिळत होता. शिचिमी त्याचं नाव. लाल मिरची, तीळ, खसखस, संत्र्यासारख्या फळाची वाळलेली साल, भांगेचं बी, शेवाळ आणि सान्शो. हे सान्शो म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाचंच भावंड, जीभ तशीच झिणझिणते. सात भांडी मांडलेली, गिऱ्हाईक समोर उभं. तिखट किती, तीळ किती, ते तिला विचारून तिच्यादेखत मिसळून द्यायचं. म्हातारी म्हणते, मिरची कमी घाल, पोटाला सोसत नाही. विकणारा कमी घालतो. आणि देतो किती? एवढीशी पुडी. एकट्या बाईला महिनाभर पुरेल इतकीच. आपण मसाल्याची अर्धा किलोची पाकिटं बांधतो. दोघंच म्हातारा-म्हातारी असलेल्या घरात ते पाकीट सहा महिने पडून वास उडतो. मग ती पुढच्या वेळी घेत नाही आणि आपण म्हणतो, खप नाही.

आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. या बाजारात मारुजी नावाचं एक दुकान आहे. आमच्यातल्या एकीला वाटलं मारुतीचं काही असेल. आत जाऊन बघतो तर सगळं लाल भडक! लाल मोजे, लाल बनियन आणि लाल चड्ड्या! आज्या बिनधास्त हातात धरून, ताणून, माप बघून घेत होत्या. आम्ही पदर तोंडाला लावून हसत होतो. पण त्यामागं अर्थ आहे. लाल रंगानं पोटाशी ऊब राहते आणि अंगात बळ येतं अशी समजूत आहे. शिवाय जपानमध्ये माणसाला साठ वर्षं पूर्ण झाली की त्याला लाल टोपी आणि बिनबाह्यांचं लाल जाकीट घालतात. त्यांच्या पंचांगात साठ वर्षांचं चक्र असतं. ते पुरं झालं की माणूस पुन्हा जन्मला, आणि तान्ह्या बाळाचा रंग लाल. आपलीही संवत्सरं साठच की! पाडव्याला गुरुजी संवत्सराचं नाव वाचतात, ते साठ वर्षांनी फिरून येतं. आपण साठीशांत करतो. पण साठीशांत म्हणजे आता शांत बसा, असा अर्थ आपल्याकडं कधी झाला कुणास ठाऊक. तिथं साठीला नवं जाकीट घालून माणूस पुन्हा सुरू होतो.

पुढं आम्ही बागेत गेलो. सुगामोपासून दहा मिनिटांच्या वाटेवर रिकुगिएन आहे. १७०२ साली यानागिसावा योशियासु नावाच्या सरदारानं ती करवून घेतली. सपाट जमिनीवर तळं खणायला, टेकडी रचायला सात वर्षं लागली. जुन्या कवितांत वर्णन केलेली ८८ ठिकाणं त्या बागेत छोट्या रूपात मांडलेली होती. पुढं ती मित्सुबिशी कंपनीच्या संस्थापकानं विकत घेतली आणि १९३८ साली त्यांच्या घराण्यानं टोकियो शहराला दान केली. एका सरदाराच्या करमणुकीची जागा आज सगळ्यांची झाली. तिकीट ३०० येन, म्हणजे आपले दीडशे-पावणेदोनशे रुपये. पासष्टीच्या पुढं निम्मं. कुणाला अशी बाग बघायची असेल तर पुण्याला सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. ते ओकायामा शहरातल्या कोराकुएन नावाच्या बागेच्या धर्तीवर केलेलं आहे, आणि ती बागही १७०० सालची, म्हणजे रिकुगिएनच्याच काळातली.

बागेत शिरताच एक मोठं झाड फुललेलं होतं. साकुरा, म्हणजे तिकडची चेरी, पण फांद्या पाण्याच्या धारेसारख्या खाली लोंबणाऱ्या. सगळा फुलोरा गुलाबी. लोक गप्प उभे राहून बघत होते. शेजारच्या भागाचं जुनं नाव सोमेई. तिथं पूर्वी माळ्यांचं गाव होतं, रोपवाटिका होत्या. जपानभर जी साकुरा दिसते, तिची सोमेई-योशिनो ही जात या गावच्या माळ्यांमुळं पसरली. तिचं बी लावलं तर तसंच झाड येत नाही. म्हणून प्रत्येक झाड कलम करून लावायचं. आपला हापूस कलमानं वाढतो, तसंच. त्यामुळं एका भागातली सगळी झाडं एकाच वेळी फुलतात. राजाची बाग सगळे बघतात. पण देशाला फुलवलं ते शेजारच्या गावात मातीत हात घालून कलमं बांधणाऱ्यांनी, हे आम्ही कलमं बांधणाऱ्या बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवलं.

बागेत बाकावर बसून आम्ही हिशेब मांडला. बचत गटाच्या बायका, कुठंही गेलो तरी हिशेब सुटत नाही. हा बाजार चालतो कसा? जपानमध्ये शंभरातली जवळपास २९ माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. आपल्या महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं शंभरात साधारण १० होती आणि आता वाढतच आहेत. जपानमध्ये म्हाताऱ्या बायका जास्त म्हणून आज्यांचा बाजार, असं म्हणून विषय संपवता आला असता. पण तसं नाही. म्हातारी माणसं साऱ्या देशात आहेत, तरी पुष्कळ गावांतल्या जुन्या पेठा बंद पडल्या आहेत. दुकानांची शटर खाली ओढलेली म्हणून तिकडं त्यांना "शटरचा रस्ता" म्हणतात. मोठे मॉल आले, मुलं शहरात गेली, दुकान चालवायला कुणी राहिलं नाही. सुगामोतल्या दुकानदारांनी मात्र आपलं गिऱ्हाईक कोण हे ओळखलं आणि तिला काय लागतं ते तिच्या सोयीनं ठेवलं. पाट्यांवर मोठी अक्षरं. कमरेला इलॅस्टिक असलेल्या पँटी. न घसरणाऱ्या चपला. दुकानात टेकायला स्टूल. थोडं थोडं विकणं. घाई न करणं.

दुसरं म्हणजे दुकानदार एकत्र आहेत. अशा पेठांच्या संघांसाठी जपानमध्ये १९६२ साली कायदा झाला. दुकानदार सभासद होतात, वर्गणी भरतात. त्यातून दिवे, कमान, साफसफाई, उत्सव चालतात. म्हणजे काय? आपला गटच की! वर्गणी, सभा, ठराव. फरक इतकाच की आपण वर्गणीतून कर्ज वाटतो, ते वर्गणीतून रस्ता सांभाळतात.

तिसरं, येण्याजाण्याची सोय. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कोशिनझुका म्हणून थांबा आहे. तिथं एका डब्याची ट्राम येते. टोकियो शहरानं चालवलेल्या जुन्या ट्रामांपैकी एवढा एकच मार्ग आता उरला आहे. सत्तरीच्या पुढच्या टोकियोकरांना एक पास मिळतो, त्यावर शहराच्या बस, भुयारी रेल्वे आणि ही ट्राम चालते. आज्या पास दाखवून येतात आणि दिवस घालवून जातात. आणि चौथी गोष्ट, जी बोलायला आपण लाजतो. स्वच्छ संडास आणि मुतारी. स्टेशनात आहे, देवळात आहे, बागेत आहे. धरायला दांडा आहे, पाणी आहे, फुकट आहे.

सगळं गोड गोड नाही, तेही सांगतो. एका लोणच्याच्या दुकानात सत्तरीचा मालक होता. दुभाषी मुलीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला की नेहमीची गिऱ्हाइकं एकेक करून येईनाशी होतात आणि त्यांच्या सुना इथं येत नाहीत. जपानमध्ये एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका खूप आहेत. काही आज्या फक्त कुणाशी तरी चार शब्द बोलायला मिळावेत म्हणून बाजारात येतात. आपल्याकडं अजून घर भरलेलं असतं, हे आपलं भाग्य. पण भरल्या घरातही म्हातारी एकटी असते, हे आपल्याला काय सांगायचं?

आता आपल्या बाजाराकडं बघू. आपल्या आठवडी बाजारात पासष्ट-सत्तरीच्या किती बायका बसतात? पोतं अंथरून, चार जुड्या मेथीच्या, वाटाभर लिंबं, सोललेला लसूण घेऊन. जागा मिळते ती कडेची, गटाराजवळची, उन्हातली. पावती मात्र त्याही फाडतात. एस.टी.ची सोय आपल्याकडंही आहे. पंचाहत्तरीच्या पुढं मोफत, पासष्ट ते पंचाहत्तर निम्मं तिकीट, आणि २०२३ पासून सगळ्याच बायकांना निम्मं तिकीट. म्हणजे आजी बाजारापर्यंत पोचते. पोचल्यावर काय? मुतारी नाही. असली तर कुलूप किंवा पाय ठेववत नाही अशी. म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात सहा तास पाण्याविना बसते. मग उन्हाळी लागते, चक्कर येते, ताप येतो. घरचे म्हणतात, "आता कशाला जातेस बाजाराला? बस घरी." आणि ती बसते. तिच्या हातातले स्वतःचे दोनशे रुपये गेले, चार माणसांतलं बोलणं गेलं. म्हातारपणानं ती घरी बसली असं आपण म्हणतो. खरं तर मुतारीनं बसवली.

गटातही असंच घडताना दिसतं. साठी उलटली की कर्जाच्या यादीतून नाव मागं पडतं. "तुम्हाला आता काय करायचंय कर्ज?" असं बऱ्याच बैठकांत ऐकू येतं. मग बचत कशाला, म्हणून ती बचत थांबवते आणि एक दिवस तिचं नावच कमी होतं. अहो, पण गट सुरू झाला तेव्हा दहा-वीस रुपये पहिल्यांदा कुणी टाकले? याच बायकांनी. बँकेत जायची भीती सगळ्यांत आधी कुणाची मोडली? त्यांचीच. कलमाचं खोड जुनं झालं म्हणून कुणी मुळासकट काढतं का?

म्हणून आम्ही पाच जणींनी परत आल्यावर आपापल्या गटांत तीन गोष्टी मांडल्या आहेत. तुमच्याही बैठकीत त्यावर बोला.

पहिली गोष्ट. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तसा कायदा आहे. त्या सभेत ठराव मांडा. आठवडी बाजारातून जी वसुली होते, तिच्यातून बाजारतळावर बायकांसाठी मुतारी-संडास, पाणी, आणि दोन-चार बाक व्हावेत. नुसतं बांधकाम नको. रोजची साफसफाई कोण करणार आणि तिला पैसे कुठून देणार, हेही ठरावात लिहून घ्या. नाहीतर उद्घाटन होतं आणि महिन्यानं कुलूप लागतं. ठराव वहीत लिहिला की नाही ते वाचून बघा आणि मगच सही करा.

दुसरी गोष्ट. गटाचा स्टॉल बाजारात लागतो तेव्हा सावलीतली एक कोपऱ्याची जागा म्हाताऱ्या विक्रेतीसाठी ठेवा. ती गटात असो वा नसो. तिच्या लसणाजवळ तुमचा मसाला विकला जाईल, तुमच्या पापडाजवळ तिची लिंबं. आणि छोटी पाकिटं करा. शंभर ग्रॅम, पन्नास ग्रॅम. वर मोठ्या अक्षरात नाव, तारीख आणि किंमत, चष्म्याशिवाय वाचता येईल अशी.

तिसरी गोष्ट. साठीच्या पुढच्या सभासदांची नावं यादीत राहू द्या. बचत जमेल तेवढी, पण बैठकीला बोलवा. त्यांना कर्ज कमी लागेल, पण शेळी घ्यायला, चष्म्याला, दाताला, नातीच्या वहीला लागतंच. मुलापुढं हात पसरण्यापेक्षा गटापुढं हक्कानं मागणं कधीही चांगलं. आणि ज्या आजीला बियाणं राखता येतं, मसाल्याचं प्रमाण हातात आहे, तिला गटाची शिक्षिका करा. मानधन द्या. नुसता नारळ आणि साडी नको.

आमच्या आक्कांच्या गावात यातली पहिली गोष्ट सुरू झाली आहे. महिला सभेत त्यांनी स्वतः उभं राहून मुतारीचा विषय मांडला. काही जणी हसल्या. एक-दोघींनी खाली बघितलं. मग मागून एक सत्तरीची बाई म्हणाली, "हसताय काय? मी दहा वर्षं बाजाराच्या दिवशी पाणी प्याले नाही." त्यावर सभा शांत झाली आणि ठराव लिहिला गेला. मुतारी अजून बांधली गेलेली नाही. जागेवरून घोळ चालू आहे. पण पुढच्या ग्रामसभेत विचारायचंच, असं त्यांनी ठरवलं आहे आणि या वेळी त्या एकट्या नसतील.

तर मैत्रिणींनो, येत्या बाजाराच्या दिवशी एक काम करा. तुमच्या घरातल्या, शेजारच्या आजीला सोबत न्या. ती कुठं टेकते, कुठं थांबते, कुठं अडते, काय घ्यायचं टाळते, आणि पाणी पिते का, एवढं फक्त बघा. बैठकीत ते सांगा आणि वहीत लिहा. रुतलेला काटा कुठं आहे हे कळलं की तो काढणं फार अवघड नसतं. आणि आज्यांनो, तुम्ही लाजू नका. तुम्हाला काय हवंय ते मोठ्यानं सांगा. ऐकायला आम्ही आहोत.

पुढच्या वेळी वाळवणाविषयी बोलू.